रेडियम: ट्रॉलीवरचं आणि खरं



आज आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर किंवा बँकेच्या कागदांवर बोलणार नाही. आजचा विषय विज्ञानाचा आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. हातातलं काम चालू ठेवा आणि घरात दहावीची मुलगी असेल तर तिला जवळ बसवून घ्या. तिच्या पुस्तकात अणू, मूलद्रव्यं आणि आवर्तसारणी आहे, तेच आपण आज समजून घेणार आहोत. आमच्यात विज्ञान शाखेची कुणी नाही, बी.ए.च्या पुढे कुणी गेलेली नाही. तरी हे शिकायची वेळ आमच्यावर का आली, ते आधी सांगतो.

आमच्या एका गटातल्या ताईंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाच आठवडे त्यांनी शेक घेतला. कुणी त्याला लाईट देणं म्हणतं, कुणी किरणं देणं. उपचार पूर्ण करून ताई घरी आल्या, आणि घरात त्यांचं ताट वेगळं झालं. अंथरूण पडवीत गेलं. दोन वर्षांचा नातू त्यांच्याकडे झेपावला की सून त्याला उचलून न्यायची. "आत्याबाई, तुमच्या अंगात किरणं आहेत, बाळाला बाधतील," असं ती म्हणायची. सून वाईट नव्हती. ती घाबरली होती.

मग ताई गटाच्या बैठकीला आल्या आणि दाराजवळच बसल्या. बचतीचे शंभर रुपये त्यांनी सतरंजीवर ठेवले. ती नोट बराच वेळ तशीच पडून राहिली. आम्ही ते पाहिलं आणि काही बोललो नाही. खरं सांगायचं तर आम्हीही त्या दिवशी थोडं सरकूनच बसलो होतो. निघताना ताई म्हणाल्या, "माझ्या अंगात अजून काय उरलंय गं? मला कुणी सांगितलंच नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या तपासणीला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो, डॉक्टरांना आणि मशीन चालवणाऱ्यांना विचारलं, मग गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे दोन संध्याकाळी बसलो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

सगळ्यांना माहीत असलेला शब्द

सुरुवात एका ओळखीच्या शब्दापासून करू. रेडियम. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल-पिवळी पट्टी लावतात, तिला आपण रेडियम म्हणतो. गाडीवर नाव घालून देणाऱ्या दुकानावर पाटी असते, 'रेडियम आर्ट'. रात्री मोटारीचा उजेड पडला की ही पट्टी चमकते.

पण तिच्यात रेडियम अजिबात नसतं. ती पट्टी फक्त उजेड परत फेकते. घरी करून बघा. पट्टीचा तुकडा अंधाऱ्या खोलीत न्या आणि बॅटरी लावू नका. काही दिसणार नाही. तिच्याजवळ स्वतःचा उजेड नाही. त्यामुळे ट्रॉलीला पट्टी लावायला मुळीच भिऊ नका, उलट न चुकता लावा. अपघात टळतात.

खरं रेडियम हा एक धातू आहे. तो रात्रंदिवस आपोआप किरणं सोडत असतो. त्याला बाहेरून उजेड लागत नाही की वीज लागत नाही. 1898 साली पॅरिसमध्ये मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिअर यांनी तो शोधला. मेरीबाई मूळच्या पोलंडच्या. एका पडक्या शेडमध्ये त्यांनी कित्येक टन खनिज उकळलं, ढवळलं, गाळलं, तेव्हा 1902 मध्ये ग्रॅमचा दहावा भाग एवढा रेडियमचा क्षार हाती आला. आपोआप किरणं सोडण्याच्या या गुणाला आपण किरणोत्सार म्हणतो. या कामासाठी 1903 मध्ये आणि पुन्हा 1911 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या बाई.

अणूच्या आत काय असतं

आता किरणं येतात कुठून? त्यासाठी अणूच्या आत डोकवायला हवं.

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. पाणी, माती, भाकरी, आपण स्वतः, सगळं. अणूच्या मधोमध एक गाभा असतो, त्याला अणुकेंद्रक म्हणतात. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. बाहेर इलेक्ट्रॉन फिरत असतात. अणू एक किलोमीटर लांब-रुंद शिवाराएवढा केला, तर गाभा त्यात सुपारीएवढा असेल. बाकी शिवार इलेक्ट्रॉनचं.

कोणता अणू कशाचा, हे प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं. 20 प्रोटॉन असले की ते कॅल्शियम, 26 असले की लोखंड, 79 असले की सोनं. या संख्येला अणुक्रमांक म्हणतात. रेडियमचा अणुक्रमांक 88 आहे.

प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. न्यूट्रॉनच्या मदतीने गाभा एकत्र राहतो. पण एखाद्या खोलीत माणसं कोंबत गेलो तर कधीतरी दार फुटणारच. अणुक्रमांक 83 च्या पुढचं एकही मूलद्रव्य कायम टिकत नाही. त्याचा गाभा कधी ना कधी फुटतो आणि आतले कण जोरात बाहेर फेकले जातात. रेडियमच्या गाभ्यातून 2 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉन एका झटक्यात बाहेर पडतात. 88 मधून 2 गेले, उरले 86. आता तो अणू रेडियमचा राहिलाच नाही. तो रेडॉन नावाचा वायू झाला.

नागपंचमीला आपण लाह्या फोडतो ते आठवा. कढईतला कोणता दाणा कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण अर्धे दाणे फुटायला साधारण किती वेळ लागेल ते अनुभवाने कळतं. किरणोत्सारी अणूंचंही तसंच आहे. अर्धे अणू फुटायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. फरक एवढाच, की लाह्यांना जाळ लागतो आणि जाळ काढला की फुटणं थांबतं. रेडियमला जाळ लागत नाही. ते उकळलं, धुतलं, जाळलं, तरी फुटायचं थांबत नाही.

कॅलेंडर आणि आवर्तसारणी

आता आवर्तसारणी. मुलीच्या पुस्तकातला तो चौकटींचा तक्ता बघून आपण पान उलटतो. पण तसाच एक तक्ता आपल्या भिंतीवर टांगलेला असतो. तो म्हणजे कॅलेंडर. आपल्या मराठी कॅलेंडरवर एका वाराच्या सगळ्या तारखा एका आडव्या ओळीत येतात. तुमच्या गावचा बाजार मंगळवारी असेल, तर मंगळवारच्या ओळीतली कुठलीही तारीख पाहा, त्या दिवशी बाजार असणारच. तारीख वेगळी, पण वार तोच.

रशियाचे मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये मूलद्रव्यांचा असाच तक्ता मांडला. तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती. ती ओळीने लावत गेल्यावर ठरावीक अंतराने तोच स्वभाव पुन्हा येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एका स्वभावाची मूलद्रव्यं त्यांनी एका रांगेत बसवली. काही ठिकाणी बसेल असं मूलद्रव्य मिळेना, तेव्हा त्यांनी चौकट रिकामी ठेवली आणि सांगितलं, इथलं मूलद्रव्य अजून सापडायचं आहे. त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नाव देताना त्यांनी आपल्या संस्कृतमधला 'एक' हा शब्द घेतला: एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. ॲल्युमिनियमच्या पुढची एक जागा, असा त्याचा अर्थ. 1875 मध्ये गॅलियम सापडलं आणि पहिली जागा भरली. 1886 मध्ये जर्मेनियम सापडलं आणि दुसरीही भरली. आज तक्त्यात 118 मूलद्रव्यं आहेत. एका स्वभावाची मूलद्रव्यं आताच्या तक्त्यात उभ्या रांगेत असतात. त्या रांगेला गण म्हणतात.

स्वभाव सारखा का? कारण अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन. दुसऱ्या अणूशी देणंघेणं करतात ते बाहेरचे. दोन घरं आतून कितीही वेगळी असली तरी गावाशी संबंध येतो तो दारात उभ्या असलेल्या माणसाचा, तसं हे.

आता मुलीला पुस्तक उघडायला सांगा आणि दुसऱ्या गणावर बोट ठेवा. त्यात 20 व्या क्रमांकावर कॅल्शियम आहे. त्याच रांगेत खाली 38 वर स्ट्रॉन्शियम, 56 वर बेरियम आणि तळाला 88 वर रेडियम. चौघांच्याही बाहेरच्या कक्षेत 2 इलेक्ट्रॉन. कॅल्शियम आपल्याला ठाऊक आहे. दुधात असतं, नाचणीत असतं, गरोदरपणी त्याच्या गोळ्या मिळतात. शरीर ते हाडांत साठवतं. मग त्याच गणातलं रेडियम पोटात गेलं तर? शरीराला फरक कळत नाही. त्यातलं बरंचसं बाहेर पडतं, पण उरलेलं कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवलं जातं.

हे पुस्तकातलं वाक्य काही बायांनी स्वतःच्या हाडांनी सिद्ध केलं.

ब्रश ओठांत धरणाऱ्या मुली

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ऑरेंज नावाचं गाव आहे. तिथे 1917 पासून एका कारखान्यात घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचं काम चाले. रंगात थोडं रेडियम घातलेलं असे. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. मजुरी नगावर होती. विडी वळणाऱ्या आपल्या बहिणींना नगावरची मजुरी म्हणजे काय ते सांगायला नको. आकडे बारीक, त्यामुळे ब्रशला टोक हवं. टोक काढायला ब्रश ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. त्यांना तसंच शिकवलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात जात होतं.

याने काही होत नाही ना, असं मुलींनी विचारलं होतं. काही होत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकायचे. गंमत म्हणून त्या नखांनाही तो रंग लावायच्या. त्याच कारखान्यातले रेडियम हाताळणारे शास्त्रज्ञ मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत होते.

काही वर्षांत मुलींचे दात पडायला लागले. जबडे कुजले, हाडं आपोआप मोडू लागली. 1922 मध्ये मॉली मॅगिया या मुलीचा मृत्यू झाला. तिला गुप्तरोग झाला होता अशी नोंद केली गेली, म्हणजे जीव गेला आणि वर बदनामीही झाली. 1925 मध्ये हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी या कामगार मुलींच्या शरीरात रेडियम आहे हे दाखवून दिलं. पुढे 1927 मध्ये मॉलीचं शव उकरून हाडं तपासली. ती फोटोच्या फिल्मवर अंधारात ठेवली, तर फिल्मवर त्यांचे ठसे उमटले. पाच वर्षांनीही हाडांतून किरणं निघत होती. गुप्तरोगाचा मागमूस नव्हता.

यातल्या ग्रेस फ्रायरने कोर्टात जायचं ठरवलं. खटला घ्यायला वकील मिळेना, त्यात दोन वर्षं गेली. शेवटी 1927 मध्ये तिच्यासह पाच जणींनी दावा लावला. 1928 मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला 10,000 डॉलर, शिवाय वर्षाला 600 डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. ग्रेस 1933 मध्ये गेली. कामाच्या ठिकाणी काय धोका आहे हे कामगाराला कळलं पाहिजे, हा विचार पुढे कायद्यांत आला त्यात या बायांच्या लढ्याचा मोठा वाटा आहे.

रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं. म्हणजे शंभर वर्षांत त्यांच्या हाडांतल्या रेडियमचे शंभरातले जेमतेम चार भाग कमी होतात.

ऊन आणि मिरची

मग ताईंची सून खरंच म्हणत होती का? त्यांच्याही अंगात असंच काही उरलं का?

इथेच नीट ऐका. किरण वेगळा आणि किरण सोडणारी वस्तू वेगळी. आपण मिरच्या उन्हात वाळवतो. वाळलेली मिरची घरात आणली म्हणून ऊन घरात येत नाही. पण मिरची कुटलेला हात डोळ्याला लागला तर आग होते, कारण मिरचीचा कण हाताला चिकटून आलेला असतो. ऊन म्हणजे किरण. मिरचीचा कण म्हणजे किरण सोडणारी वस्तू. त्या मुलींच्या अंगात वस्तूच गेली होती. ताईंच्या अंगावरून फक्त किरण गेले.

बाहेरून शेक देणारी काही यंत्रं विजेवर चालतात. बटण बंद केलं की किरण संपले. काही यंत्रांत कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी धातू असतो, पण तो यंत्रातच बंद राहतो, रुग्णाच्या अंगात जात नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बऱ्याचदा आतूनही शेक देतात. त्यात किरणोत्सारी वस्तू नळीतून काही मिनिटं आत ठेवतात आणि काढून घेतात. काढल्यावर मागे काही उरत नाही. हे उपचार घेऊन घरी आलेल्या बाईच्या अंगातून किरणं येत नाहीत. तिने नातवाला मांडीवर घ्यावं, सगळ्यांच्या पंगतीला बसावं. कॅन्सरही शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. एक्स-रेचंही तसंच, फोटो काढून झाला की अंगात काही राहत नाही. मात्र दिवस गेले असतील किंवा शंका असेल, तर एक्स-रे काढण्याआधी ते जरूर सांगा, कारण तेव्हा किरण पोटातल्या बाळावर पडतात.

कांद्याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' केंद्र आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तिथे त्यावर कोबाल्टचे किरण सोडतात. तो कांदा किरणोत्सारी होत नाही. खाल्ला तरी चालतो.

आता दुसरी बाजू. काही उपचारांत वस्तू खरोखर पोटात देतात. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या काही आजारांत आयोडीन-131 पाजतात. आपल्या मिठातलं आयोडीन आणि हे आयोडीन, दोन्हींत प्रोटॉन 53 च. न्यूट्रॉन मात्र मिठातल्यात 74 आणि याच्यात 78. बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखेच, त्यामुळे थायरॉईड दोन्ही सारखंच ओढून घेते आणि औषध नेमकं तिथे पोचतं. या बाईच्या अंगातून काही दिवस खरंच किरणं येतात. लघवीतून, घामातून ते आयोडीन बाहेर पडतं. तिला काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहायला सांगतात, ते पाळलंच पाहिजे. पण किती दिवस? आयोडीन-131 चं अर्धायुष्य 8 दिवस आहे. 8 दिवसांनी अर्धं, 16 दिवसांनी पाव, 24 दिवसांनी आठवा भाग. 80 दिवसांनी हजारातला एक भाग उरतो, शिवाय लघवीतून गेलं ते वेगळंच. डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लांब राहायचं. जन्मभर नाही.

म्हणजे वाळीत टाकण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. अंगात नुसते किरण गेले की वस्तू गेली? आणि वस्तू गेली असेल, तर किती दिवस जपायचं? दवाखान्यातून घरी सोडण्याआधी हे विचारा आणि उत्तर कागदावर लिहून मागा.

भंगार गोळा करणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं यंत्र लिलावातून आलं. ते फोडलं, तर आत कोबाल्ट-60 होतं. काही जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. पिवळ्या पाटीवर मध्ये ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती, ही किरणोत्साराची खूण आहे. अशी खूण असलेलं जड लोखंडी किंवा शिशाचं डबडं दिसलं तर हात लावू नका, फोडू नका, लांब होऊन पोलिसांना कळवा.

हे सगळं समजून आल्यावर आम्ही ताईंच्या घरी गेलो. डॉक्टरांचा कागद सुनेला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. घरात ताट एक व्हायला आणखी महिना गेला, भीती एका दिवसात जात नाही. पण पुढच्या बैठकीला ताई दाराजवळ बसायला लागल्या, तेव्हा आम्ही उठून त्यांना आमच्यात बसवलं. त्यांनी शंभराची नोट काढली आणि खजिनदार ताईंनी ती त्यांच्या हातातून हातात घेतली. वहीत नोंद झाली.

तुमच्या गावातही शेक घेऊन आलेली कुणी असेल. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, शाळेतल्या मुलीला तो तक्ता घेऊन बोलवा. आणि ती बाई दाराजवळ बसली असेल तर तिला आत बोलवा.